सतरा पोती

यंदा डोंगर जळला नाही.
हे आधीच लिहून ठेवते,
नाहीतर पुढचं वाचून वनपाल म्हणतील
केलेलं कुणी बघत नाही.

पाटगावच्या वर, आमच्या धनगरवाड्याच्या माथ्यावर
माघात जाळरेषा काढली.
बारा हात रुंद,
गेळीच्या टेपापासून देवाच्या राईपर्यंत.
गवत कापलं, ओढलं, वारा पडल्यावर पेटवलं,
ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवलं.
मीही होते. चौदा दिवसांची हजेरी.
रविवारी कोल्हापुरातनं दोन गाड्या भरून पोरं आली,
डोक्याला एकसारख्या टोप्या,
तळहाताला फोड आले तरी हसणारी.
त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही.
एकानं त्याचे हातमोजे मला दिले,
अजून चुलीवरचं भांडं त्यांनीच उतरवते.

मग सगळे खाली उतरले
आणि मागं राहिलेलं उन्हात चमकायला लागलं.
पाण्याच्या बाटल्या, भडंगाच्या पिशव्या,
ब्लोअरच्या तेलाचे डबे,
कटवड्याचा लाल कागद,
थर्माकोलच्या ताटल्यांवर मुंगळ्यांची पंगत,
एक चप्पल, डाव्या पायाची.
काळ्या पट्ट्यावर सगळं
तव्यावर सांडलेल्या साबुदाण्यासारखं.

झिमाबाई लांबोरीच्या रेडकानं चार दिवस रवंथ केली नाही.
पाचव्या दिवशी डॉक्टरनं पोट फाडून दाखवलं.
ग्रामसभेला ती पिशवी घेऊन आली,
धुऊन, घडी घालून, पदराला बांधून.
त्यावरची किंमतसुद्धा वाचता येत होती.

गारगोटीहून साहेब आले होते,
ठिणगी पडायला गावाचं नावच पुरे होतं.
साहेब म्हणाले, आग लागली का, सांगा.
नाही लागली.
मग?
ठेकेदार म्हणाला, कचरा उचलणं अंदाजपत्रकात नाही.
खालच्या आळीतून धोंडबा चौगले म्हणाले,
ह्येच लावतात वणवा, कोवळं गवत यावं म्हणून,
आन आता बोंब बी ह्येंचीच.
झिमाबाई उठली.
"तुमच्या काजू वाचल्या म्हणून पट्टा ग्वाड लागतोय व्हय?
माझं रेडकू कुणाच्या हजेरीत धरायचं, तेवढं सांगा."

त्यावर कुणी बोललं नाही.
मीसुद्धा नाही.
त्या बाटल्यांतल्या चार माझ्या होत्या.
गवत ओढत होते, हात मोकळा नव्हता,
असं मी स्वतःला सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता वर गेले,
तर वर आधीच तिघी होत्या.
त्यांच्यातली एक चौगल्यांची सून.
एकमेकींकडं न बघता वेचत राहिलो.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजली, सतरा पोती.
पाठीवरनं खाली आणली,
एसटीच्या थांब्याला लावून ठेवली.

पंचायतीचा ट्रॅक्टर कारखान्याच्या उसाला गेलेला.
ठेकेदार फोन उचलत नाही.
वनखातं म्हणतं, आता हे गावठाणात आलंय.
चैत्र निम्मा सरला.
मग ग्रामसेवक म्हणाले, द्या पेटवून, किती दिवस ठेवणार?
दत्तू शिपाई काडेपेटी घेऊन आला.

भर दुपार. वारा खालून वर,
आणि वर सगळा डोंगर, वाळून कुरकुरीत.
आम्ही त्याच्या हाताकडं बघत होतो,
दत्तूही आपल्या हाताकडंच बघत होता.
झिमाबाईनं हात पुढं केला,
चुलीसाठी काडी मागावी तसा.
पेटी कनवटीला खोचली.
"दीन उद्या," म्हणाली, आणि चढाला लागली.

पोती अजून तिथंच आहेत.
गारगोटीची गाडी उशिरा येते,
माणसं त्यांच्यावर बसतात,
वरची आळी, खालची आळी,
पाठीला पाठ लावून.
एका पोत्याला भोक पडलंय.
त्यातनं एक टोपी बाहेर येत राहते,
मी जाता-येता आत ढकलते.